परदेशी इन्क्युबेटरमध्ये निवड झाली आहे : सही करण्याआधी आणि विमानात बसण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात दोघा भागीदारांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. टेरी टॉवेलच्या मागावर कॅमेरा बसवून विणतानाच दोष पकडायचा, असं त्यांचं यंत्र आहे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते चालू आहे. नेदरलँड्समधल्या एका इन्क्युबेटरने (नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेने) १३ आठवड्यांसाठी निवड केली आहे. ते ५० हजार युरो देणार, त्यातून १० हजार कार्यक्रमाची फी कापणार आणि ५ टक्के हिस्सा घेणार. "शक्यतो कंपनी इकडे नोंदवा," असंही त्यांनी सुचवलं आहे. जावं का, आणि जायचं तर तयारी काय करावी?

जावं. पण कंपनी तिकडे नोंदवण्याचा मुद्दा निकाली काढल्याशिवाय सही करू नये. अशा कार्यक्रमात नुकसान होतं ते बहुतेक वेळा कागदांमुळे. मेंटर चांगला मिळाला नाही तर तीन महिने वाया जातात, पण कंपनीची रचना चुकली तर ती निस्तरायला काही वर्षं आणि बरेच लाख लागतात.

आधी पैशाचा हिशेब. ५० हजाराला ५ टक्के म्हणजे कंपनीची किंमत १० लाख युरो, असं निवडपत्रावरून दिसतं. पण फी कापल्यावर हातात ४० हजारच येतात, म्हणजे खरी किंमत ८ लाख धरायला हवी. दोघांचं तीन महिन्यांचं भाडं, खाणं, विमान आणि विमा काटकसरीनेही १५ हजार युरोच्या आसपास जाईल असं धरा. यंत्राच्या कामासाठी उरतात २५ हजार. एवढ्यासाठी ५ टक्के देणं चूक आहे असं नाही, पण मोबदला पैशात नसून ओळखींमध्ये आहे हे लक्षात ठेवूनच द्यावेत. एकच भागीदार जाणार असेल तर खर्च जवळपास निम्मा होतो. तुमच्या बाबतीत मी तोच सल्ला देईन. कारण पुढे येईल.

तुलनेसाठी अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरचा, अशाच एका नावाजलेल्या संस्थेचा, नमुना बघा. ते एकूण ५ लाख डॉलर देतात : १.२५ लाख डॉलरला ७ टक्के, आणि उरलेले ३.७५ लाख किंमत न ठरवता, 'पुढच्या गुंतवणूकदाराला जी सर्वांत चांगली अट द्याल तीच आम्हाला' या बोलीवर. पुढचा गुंतवणूकदार १ कोटी डॉलरच्या कॅपवर (कंपनीची किंमत जास्तीत जास्त एवढी धरून) आला तर त्या ३.७५ लाखांचे आणखी ३.७५ टक्के होतात, म्हणजे एकूण १०.७५. असा 'सेफ' (आज पैसे, शेअर नंतर, असा करार) पोस्ट-मनी, म्हणजे आलेले पैसे धरून काढलेल्या किमतीवर, असेल तर नंतरच्या सेफमुळे घटणारा हिस्सा संस्थापकांच्याच वाट्यातून जातो. तुमच्या मसुद्यात 'पोस्ट-मनी', 'एमएफएन' (वर सांगितलेली सर्वांत चांगल्या अटीची बोली) आणि 'प्रो-राटा' (पुढच्या फेरीत पैसे घालून आपला हिस्सा टिकवण्याचा हक्क) हे तीन शब्द शोधा आणि प्रत्येकाचा आकडा कागदावर मांडून बघा. ५ टक्के नक्की कधीचे, आजचे की पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशीचे, हे लेखी विचारा.

आता मुख्य अडचण. तिकडे नवी कंपनी काढायची आणि सोलापूरची कंपनी तिची उपकंपनी करायची, याला 'फ्लिप' म्हणतात. नेदरलँड्समध्ये बीव्ही कंपनी अगदी एका सेंटच्या भांडवलावरही निघते, त्यामुळे हे सोपं वाटतं. पण तुम्ही भारताचे रहिवासी आहात. परदेशी कंपनीचे शेअर घेणं ही फेमाखाली (परकीय चलनाच्या कायद्याखाली) परदेशी गुंतवणूक ठरते, मग ती एका युरोची का असेना. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांनुसार, ज्या परदेशी कंपनीवर रहिवासी व्यक्तीचं नियंत्रण आहे आणि जिची पुढे उपकंपनी आहे, तिच्यात त्या व्यक्तीला थेट गुंतवणूक करता येत नाही. 'नियंत्रण' या शब्दाची व्याख्याही ताणलेली आहे. करारामुळे १० टक्के मताधिकार मिळत असेल तरी ते नियंत्रणात धरलं जाऊ शकतं. वर तुम्ही दोघे मालक, खाली सोलापूरची उपकंपनी, ही रचना नेमकी या नियमाला आडवी जाते. तिकडचा वकील हे सांगणार नाही, कारण त्याच्या कायद्यात ते बसतं. इथला फेमा जाणणारा वकील किंवा सीए मात्र या वाक्यावर थांबेल, आणि थांबायलाच हवं.

शिवाय सोलापूरच्या कंपनीचे शेअर नव्या कंपनीला देणं हे हस्तांतरण आहे, त्यावर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. परत येणं तर त्याहून महाग. फोनपेने आपलं मुख्यालय सिंगापूरहून भारतात आणलं तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८ हजार कोटी रुपये कर भरावा लागला. सप्टेंबर २०२४ पासून अशा परतीच्या विलीनीकरणासाठी जलद मार्ग खुला झाला आहे, पण तो प्रक्रियेपुरता; कर त्याने टळत नाही. तुमचे गिऱ्हाईक सोलापूर, इचलकरंजी, भिवंडीत आहेत, यंत्र इथे जुळतं, माणसं इथली आहेत. अशा कंपनीचं मूळ परदेशात नेण्याचं आज एकही सबळ कारण मला दिसत नाही. सगळा धंदा अमेरिकेत आणि गुंतवणूकदारही तिकडचेच असते, तर उत्तर वेगळं झालं असतं.

इन्क्युबेटरला दुसरा रस्ता सुचवा : त्यांनी पैसे सोलापूरच्या कंपनीतच घालावेत. सेफ जशाच्या तशा स्वरूपात भारतीय कंपनीत चालत नाही. त्याऐवजी दोन प्रकार आहेत. पहिला, परिवर्तनीय नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज. कंपनीकडे डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता हवी, आणि एका गुंतवणूकदाराने किमान २५ लाख रुपये एकाच हप्त्यात द्यायला हवेत. ५० हजार युरो ही अट सहज पार करतात. इथे फीची एक मेख आहे : त्यांनी फी आधीच कापून ४० हजारच पाठवले, तर कागदावर ५० आणि बँकेत ४० असा मेळ बसत नाही. पूर्ण ५० यावेत आणि फी वेगळ्या बिलावर, कर कापायचा असल्यास कापून, इथून पाठवली जावी असं करारात घाला. दुसरा प्रकार सीसीपीएस, म्हणजे सक्तीने रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर. त्याला मूल्यांकनाचा दाखला लागतो, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात आणि दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेचा फॉर्म एफसी-जीपीआर भरावा लागतो. नोट असेल तर फॉर्म सीएन, तोही ३० दिवसांत. उशिराचा दंड छोटा असतो, पण पुढचा गुंतवणूकदार कागद तपासतो तेव्हा ती तारीख डोळ्यांत भरते.

बँकेच्या जवळच्या शाखेत अशी फाईल क्वचित येते. ती मुंबईच्या किंवा पुण्याच्या फॉरेक्स कक्षाकडे जाते, तिथून शंका येते, पुन्हा कागद जातात. सवय असलेली शाखा आधीच गाठा आणि तीन-चार आठवडे हाताशी ठेवा.

कुणी हिस्सा न घेता अनुदान देऊ केलं तर ते बिनधोक आहे असं समजू नका. चिलीच्या सरकारी संस्थेने, कॉर्फोने, २०१० साली सुरू केलेला स्टार्ट-अप चिली आणि कोरियाचा के-स्टार्टअप ग्रँड चॅलेंज हे असे हिस्सा न मागणारे नावाजलेले कार्यक्रम. पण परदेशी स्रोताकडून काहीही मोबदला न देता आलेला पैसा 'एफसीआरए'च्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) कक्षेत येऊ शकतो, आणि तो कायदा फक्त संस्था-ट्रस्टना लागतो हा समज चुकीचा आहे. करारात ठोस मोबदला लिहिलेला आहे का (चाचणीचा अहवाल, प्रात्यक्षिक, सेवा) हे सीएला दाखवा. पैसा बँकेत आल्यावर हा प्रश्न विचारणं म्हणजे ताणा तुटल्यावर माग बंद करणं.

कापडातल्या माणसाला हाँगकाँगच्या द मिल्स फॅब्रिकाचा मोह पडणं साहजिक आहे. जुन्या सूतगिरणीच्या आवारात कापड-तंत्रज्ञानाचं केंद्र उभं केलंय, आणि बंद गिरण्यांच्या गावातल्या कुणालाही ते बघून हेवा वाटावा. पण तिकडून गुंतवणूक घ्यायची वेळ आली तर केंद्र सरकारची २०२० ची प्रेस नोट ३ आधी वाचा. सीमेला लागून असलेल्या देशांतल्या पैशासाठी ती सरकारी मंजुरी मागते, आणि हाँगकाँग चीनमध्येच धरलं जातं.

पेटंटचं काम सगळ्यात आधी. डेमोच्या दिवशी (शेवटी गुंतवणूकदारांपुढे होणाऱ्या सादरीकरणात) पडद्यावर दाखवलेली गोष्ट जाहीर झाली, असंच धरलं जातं, आणि मग युरोपात पेटंट मिळणं जवळजवळ संपतं. जाण्याआधी भारतात तात्पुरता अर्ज करा; मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्याचा. तिथून १२ महिन्यांत पूर्ण अर्ज आणि बाहेरचे अर्ज. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३९ सांगतं की रहिवाशाने आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं, नाहीतर परदेशात अर्ज करण्याआधी परवानगी घ्यावी. तिकडे गेल्यावर एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने 'चला, इथेच अर्ज टाकू' म्हटलं तर हे कलम आठवा. त्याच प्रयोगशाळेत कॅमेऱ्याची प्रकाशयोजना सुधारली, तर त्या सुधारणेची मालकी कुणाची हेही करारात हवं. 'कार्यक्रमाच्या काळात निर्माण झालेलं सर्व' अशा शब्दांचं कलम दिसलं तर ते खोडून घ्या.

व्हिसा. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) अल्पकाळाचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो, आणि येण्या-जाण्याचे दोन्ही दिवस मोजले जातात. तुमचा कार्यक्रम १३ आठवड्यांचा, म्हणजे ९१ दिवस. कार्यक्रम सोमवारी सुरू होऊन शेवटच्या शुक्रवारी संपत असेल तर ८९ दिवस भरतात, म्हणजे आदल्या दिवशी पोहोचून संपल्या दिवशीच निघावं लागेल. गेल्या सहा महिन्यांत प्रदर्शनासाठी आठवडाभर फ्रँकफर्टला जाऊन आला असाल तर तेही दिवस वजा होतात. यावर साधा उपाय म्हणजे पहिले दोन आठवडे ऑनलाइन करण्याची लेखी परवानगी मागणं. वर्षभर राहायचं असेल तर नेदरलँड्सचा वेगळा स्टार्टअप परवाना आहे. त्याला मान्यताप्राप्त मार्गदर्शक संस्था लागते. तुमचा इन्क्युबेटर त्या यादीत आहे का, ते विचारा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन महिने आधीची वेळ घ्या. प्रौढांची फी ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोंचा. बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. निमंत्रणपत्रात कार्यक्रमाच्या तारखा, खर्च कोण करणार आणि काम काय (प्रशिक्षण, बैठका, प्रात्यक्षिक) हे स्पष्ट हवं. कारखान्यात यंत्र बसवून पगारी काम करणं या व्हिसात बसत नाही, म्हणून तसा शब्द चुकूनही येऊ नये, आणि तसं काम करूही नये. खर्च कंपनीच्या खात्यातून, कंपनीच्या ठरावाने करा. स्वतःच्या खात्यातून एलआरएसखाली (व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेखाली) पाठवलात तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, आधी कापला जातो. परतावा मिळतो, पण ऐन गरजेच्या वेळी पैसा अडकतो.

सामानाबद्दल. यंत्राचा संच नेताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला करून घ्या, त्यावर कॅमेऱ्याचा आणि संगणक-पेटीचा क्रमांक लिहून घ्या. नाहीतर परत येताना त्यावरच आयात शुल्काचा प्रश्न उभा राहतो. बॅटरी हातातल्या बॅगेत, १०० वॅट-तासांच्या आत. दोषांचे नमुने न्यायलाच हवेत : लूप सुटलेला, ताण्याचा धागा तुटलेला, बाणा चुकलेला, तेलाचा डाग, वीज गेल्यावर माग पुन्हा सुरू करताना पडणारा पट्टा. प्रत्येकाचे वीतभर तुकडे कापा, भोक पाडा आणि 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा इंग्रजी शिक्का मारा. अखंड टॉवेलांचा गठ्ठा माल ठरतो, भोक पाडलेला तुकडा नमुना.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिले दोन-तीन आठवडे मेंटरांच्या भेटींचे असतात. दिवसाला सहा-सात जण, प्रत्येकी वीस-तीस मिनिटं. एक म्हणेल यंत्र विका, दुसरा म्हणेल भाड्याने द्या, तिसरा म्हणेल टॉवेल सोडा आणि डेनिमकडे जा. गोंधळ होतोच. रोज रात्री प्रत्येकाची एक ओळ लिहा : काय म्हणाला, आणि तो कुणाला गाठून देऊ शकतो. मत बाजूला ठेवा, ओळख मागा. तीन वेगळ्या लोकांनी एकच शंका काढली तरच बेत बदलण्याचा विचार करा.

पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येईल : कापडातले दोष पकडणारी यंत्रं करणाऱ्या स्वित्झर्लंडच्या उस्टरपेक्षा आणि पोर्तुगालच्या स्मार्टेक्सपेक्षा तुमचं वेगळं काय? उत्तर आत्ताच बसवा. स्मार्टेक्सची सुरुवात गोल विणाईच्या (होजियरी कापडाच्या) यंत्रांवर झाली. टेरीवर लूपची सावलीच दोषासारखी दिसते, म्हणून तिरका प्रकाश आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. हे बोलून दाखवण्यापेक्षा आकड्यांत दाखवा : किती माग, किती आठवडे, किती मीटर, किती दोष पकडले, किती खोट्या घंटा वाजल्या. खोट्या घंटांचा आकडा लपवू नका. जॉबरला (मागांवर देखरेख करणाऱ्याला) दर तासाला विनाकारण माग थांबवावा लागला तर तो तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर फडकं टाकतो, हे जगातल्या कुठल्याही कारखान्यात सारखंच आहे. खरेदीदारांच्या भाषेत बोलायला शिका. कापडासाठी चार-गुण पद्धत (दोषाला गुण देण्याची), ज्यात १०० चौरस यार्डांमागे साधारण ४० गुणांपर्यंत माल चालतो; तयार टॉवेलसाठी एक्यूएल २.५ (नमुना तपासणीत किती दोष चालतील याची मर्यादा). तुमचं यंत्र हे गुण आपोआप मोजून अहवाल देत असेल, तर युरोपातल्या खरेदीदाराला ते 'एआय' या शब्दापेक्षा लवकर कळतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं : मेंटर ॲमस्टरडॅममध्ये बसतात, माग तिथे नाहीत. युरोपातले टेरीचे माग पोर्तुगालच्या गिमारायश परिसरात आहेत. तो शेंगेनमध्येच आहे, त्याच व्हिसावर जाता येतं. तुर्कीचं डेनिझ्ली हे टॉवेलचं मोठं केंद्र, पण त्याला वेगळा व्हिसा. मागांचे उत्पादक, बेल्जियमच्या ईपरमधलं पिकानोल आणि इटलीतलं इटेमा, हे तुमचे खरे भागीदार ठरू शकतात, कारण सोलापुरात नवा रेपियर (बिनधोट्याचा) माग येतो तो अशाच कंपन्यांकडून. चौथ्या ते नवव्या आठवड्यात निदान तीन वेळा शहराबाहेर पडा. डेमोच्या भाषणाची तालीम शेवटच्या दोन आठवड्यांत पुरते. डेमोच्या दिवशी धनादेश कुणी देत नाही. बोलणी पुढे काही महिने चालतात, आणि तोवर खात्यात पगाराचे पैसे हवेत.

तिकडच्या कारखान्याशी चाचणी ठरली तर एका पानाचा करार पुरे : मागांची संख्या, आठवडे, यश कशाने मोजायचं, पैसे किती, माहितीची मालकी कुणाची. फुकट चाचणी देऊ नका. रक्कम लहान असली तरी चालेल, पण पैसे मोजलेला कारखानाच माणूस नेमून काम करून घेतो. कॅमेऱ्याचा कोन कापडावरच राहील, कामगाराचा चेहरा टिपला जाणार नाही, हे लेखी द्या; युरोपात जीडीपीआरमुळे (खासगी माहितीच्या कायद्यामुळे) हा पहिला आक्षेप असतो.

आता सोलापूर, म्हणजे एकानेच जावं असं मी म्हटलं त्याचं कारण. अक्कलकोट रोडवरचा माग तीन महिने बिनचूक चालला, तर तिकडच्या प्रत्येक बैठकीत ताजा आकडा दाखवता येतो. तो बंद पडला की तुम्ही फक्त कल्पना विकत बसता. कॅमेऱ्याच्या काचेवर कापसाचे तंतू बसतात, ती रोज पाळी बदलताना पुसावी लागते. बीम (ताण्याचा रूळ) बदलला की प्रकाश पुन्हा जुळवावा लागतो. हे फोनवरून होत नाही. जाण्याआधी कारखानदाराकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या : किती माग, कधीपासून, काय फरक पडला. तोंडी 'चांगलंय की' तिकडे कामाला येत नाही. कार्यक्रम जानेवारीत असेल तर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत, गड्ड्याच्या दिवसांत, कामगार सुट्टीवर जातात आणि माग थंडावतात. तेवढ्या दिवसांचे आकडे आधीच साठवून ठेवा. घड्याळाचा मेळ बरा आहे : ॲमस्टरडॅम आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे नऊ तेव्हा इथे दुपार. रोज तीच वेळ ठरवून पंधरा मिनिटं बोला, आणि सहीचे अधिकार इथे राहणाऱ्या भागीदाराला संचालक मंडळाच्या ठरावाने देऊन जा.

तिकडे तात्पुरतं बँक खातं उघडलंत तर येताना बंद करा, आणि बंद केल्याचा कागद ठेवा. त्या वर्षाच्या प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते खातं दाखवावंच लागतं, मग त्यात चार युरो का असेनात. हा तक्ता जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे भरतात आणि माहिती दडवल्यास १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे, मात्र स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो ऑक्टोबर २०२४ पासून लागत नाही. पोर्तुगालच्या कारखान्याचं बिल सोलापूरच्या कंपनीने युरोत काढायचं, त्याआधी जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून ठेवायचं, आणि पैसे आल्यावर बँकेकडून परकीय रकमेचा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्यायचा. सहा महिन्यांनी मागितला की शाखेतला अधिकारी बदललेला असतो.